करड्या नकाशावरचा निळा ठिपका

आम्ही चौघं डोंगरात शिरलो ते एका झाडाचं बी आणायला. हौस म्हणून नव्हे. माझ्या वयात हौसेने डोंगर चढणारी माणसं एक तर खोटं बोलत असतात, नाही तर त्यांना गुडघे नसतात.

झाडाचं नाव पंखाळ. आमच्या वनस्पती-उद्यानात त्याचं एकच झाड होतं. मागच्या वादळात ते मुळांसकट आडवं झालं. माझी भाची त्या उद्यानातला बियांचा विभाग सांभाळते. ज्या विभागात दुनियेभरची बियाणी बरण्यांतून निजलेली, तिथे पंखाळची बरणी तेवढी रिकामी! कारण हे झाड दरवर्षी फळत नाही. वर्षानुवर्षं नुसती पानं मिरवतं आणि मग एखाद्या वर्षी शेंड्यापासून खालपर्यंत तांबड्या शेंगांनी पेटून उठतं. शेंगा वाळल्या की पहिल्या जोरदार वाऱ्याला उकलतात आणि आतल्या बियांच्या पंखवाल्या चकत्या उडून जातात. त्यानंतर पुन्हा कधी, ते झाडालाच ठाऊक.

रानात उभं असलेलं पंखाळ पाहिलेली, जिवंत असलेली, एकटी मी. तरुणपणी मी झाडपाला गोळा करणाऱ्या पथकात होते. आमच्या प्रमुख होत्या मोठ्या बाई. त्या दिवसभरात दोन वाक्यं बोलायच्या. सकाळी "चला" आणि संध्याकाळी "बसा". त्यांच्याबरोबर एकदा डोंगराच्या कण्यामागच्या एका लटकत्या, म्हणजे उतारावर उंचावरच अडकून राहिलेल्या, दरीत आम्ही उतरलो होतो. तिथे हे झाड होतं, एकटंच. त्याच्या सावलीत मी पोळी खाल्ली होती. पुढे दरड कोसळली आणि ती वाटच गेली.

यंदा भाचीला उपग्रहाच्या छायाचित्रात हिरव्या रानामध्ये एक तांबडा ठिपका सापडला. "मावशी, हेच ना गं?" माझ्या नाकासमोर फोन धरून तिने विचारलं. मी चष्मा पुसला, कड्याचा आकार पाहिला, ओढ्याचं वळण पाहिलं आणि म्हटलं, "तेच." तिने त्या ठिपक्यावर खूण टोचून ठेवली. हवामानवाले सांगत होते की दोन दिवसांत वारा सुटणार. म्हणजे त्याआधी पोचायचं, नाही तर भाचीची बरणी तिच्या जन्मात भरणार नाही.

ही खूण ठेवली कुठे? कागदावर? छे! ती ठेवली इंटरनेटवर. आणि ही सूचना भाचीच्या नवऱ्याची.

त्याला घरात सगळे 'उपाय' म्हणतात. विम्याच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर आहे. दुधावर साय धरत नसली तरी त्याच्याकडे उपाय असतो, आणि शेजारच्या पोटात दुखत असलं तरी त्याच्याकडे उपाय असतो. रजा काढून तो मोहिमेचा प्रमुख झाला. कोणी केला, ते विचारू नका. तो झाला.

"जावईबापू, नकाशा कागदावर काढून घ्या," मी निघताना म्हटलं.

"मावशी, कागद भिजतो."

"मग तो फोनमध्ये उतरवून तरी घ्या. तसं करता येतं म्हणे."

"गरजच नाही! कंपनीच्या पानावर बघितलंय मी. त्या सगळ्या पट्ट्यात रेंज फुल दाखवतायत. आणि चौघांची कार्डं मी एकाच कंपनीची करून घेतलीत. कुटुंब योजना. स्वस्तात पडतं."

म्हणजे होडीत बसायचं ते चौघांनी एकाच होडीत, आणि भोक पाडायचं ते घरूनच पाडून न्यायचं.

चौथी आमची खार. उद्यानातल्या उंच झाडांच्या वाळक्या फांद्या कापणारी ही उंच, सडपातळ बाई. चढते अशी की खाली उभ्या माणसाची मान मोडते. तिला खार म्हणतात ते चढण्यावरून, पण माझ्या मते तिच्या जिभेलाही ते नाव शोभतं. सतत काही ना काही कुरतडत असते.

पहिल्या दिवशी नदी ओलांडेपर्यंत सगळं ठीक होतं. नदी कमरेइतकी, थंडगार, पायाखाली शेवाळलेले गोटे. खारीने दोर पलीकडे नेला, आम्ही एकेक करत दोर धरून गेलो. उपाय मात्र एका हाताने दोर आणि दुसऱ्या हाताने डोक्यावर फोन असा आला. पोटापर्यंत भिजलेला माणूस, पण फोन राजाच्या छत्रीसारखा वर!

"साहेब, तुम्ही बुडालात तरी फोन कोरडा सापडेल," खार म्हणाली. "घरच्यांना कळवायला बरं."

नदीच्या पलीकडे रान दाट झालं. जुनी, रुंद बुंध्यांची झाडं, त्यांच्यावर कानासारख्या आळंब्या, आणि पायाखाली कुजलेल्या पानांचा असा थर की चालण्याचा आवाजच होऊ नये. मला फार बरं वाटलं. मोठ्या बाई इथूनच पुढे चालायच्या, पाठीला पत्र्याचा तोच डबा, जो आज माझ्या खांद्यावर होता. झाडपाला कोमेजू नये म्हणून आम्ही हे लांबट डबे वापरायचो. घट्ट झाकणाचे, आतून ओलं कापड लावलेले. हल्ली सगळे प्लॅस्टिकच्या पिशव्या घेतात. त्यांना त्यांच्या लायकीचाच पाला मिळतो.

मी अशी जुन्या दिवसांत चालत असताना पुढून हाक आली.

"नेट गेलं!"

जणू वाघ आला!

आम्ही थांबलो. उपायने फोन विमान मोडवर टाकला, काढला. टाकला, काढला. काही नाही. मग तो बंद करून चालू केला. हे एक मला या यंत्रांचं कळत नाही. बिघडलं की झोपवायचं आणि उठवायचं. आमच्या काळी आजारी माणसालासुद्धा एवढ्यावर सोडत नसत.

"एवढा महागाचा फोन," मी म्हटलं, "आणि औषध एकच?"

"मावशी, नव्वद टक्के वेळा यानेच होतं."

"आणि उरलेल्या दहा टक्क्यांत आपण आहोत."

भाचीच्या फोनवरही नेट नव्हतं, माझ्याही नाही, खारीच्याही नाही. एकच कंपनी ना! भाचीने नकाशा उघडला. रान नाही, नदी नाही, डोंगर नाही. नुसता करडा कागद आणि मधोमध एक निळा ठिपका. कारण ठिपका आकाशातल्या उपग्रहावरून येतो, त्याला नेट लागत नाही. भोवतालचं चित्र मात्र नेटवरून येतं.

"ठिपका आहे ना?" उपाय उत्साहाने म्हणाला. "म्हणजे आपण आहोत!"

"ते मला गुडघ्यांवरूनही कळतंय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी डोंगराच्या कण्यावर चढलो आणि धुकं आलं. असं आलं की पुढच्या माणसाच्या पाठीवरची पिशवी दिसे, माणूस दिसेना. त्या कण्याला मी ओळखते. तो सरळ नाही, सापासारखा वळतो. मध्येच दोन फाटे फुटतात. एकाच्या पलीकडे आपली लटकती दरी, आणि दुसऱ्याच्या पलीकडे शेजारच्या देशाचं रान. हद्द अशी काही दिसत नाही. फक्त पाणी दोन बाजूंना वाहतं.

"इथे थांबू," मी म्हटलं. "धुकं उठेल."

"धुक्याबरोबर वाराही उठेल, मावशी," भाची म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, आभाळाकडे बघत होती. "शेंगा उकलल्या तर आपण रिकाम्या फांद्या बघायला आलो असं होईल."

ती म्हणत होती ते खरं होतं. उपायला तेवढं पुरलं. त्याने हात लांब करून हवेत आठाचे आकडे काढायला सुरुवात केली. फोनातलं होकायंत्र म्हणे असं हलवल्यावर शुद्धीवर येतं. पुन्हा पुन्हा आठ काढून तो थांबला आणि बोट दाखवून म्हणाला, "ही दिशा! चला!"

दिशा कदाचित बरोबरही असेल. पण वळणाऱ्या कण्यावर दिशा बरोबर असून काय उपयोग, फाटा चुकला तर? मी हे म्हटलं. खारीने ऐकलं. भाचीने ऐकलं. प्रमुखाने ऐकलं नाही. तो उतरायला लागलासुद्धा, फोन नाकासमोर धरून, करड्या पडद्यावर निळा ठिपका सरकताना बघत.

घसारा लागला. सुटे दगड, ओली माती. आम्ही बुंधे धरत उतरत होतो. उतार वाढला. झाडं विरळ झाली. धुक्यात खालून पाण्याचा आवाज यायला लागला, खूप खालून.

"थांबा!" मी ओरडले.

उशीर झाला होता. उपायचा पाय पुढे पडला तो कशावरच पडला नाही! दगड निसटले. त्याची किंकाळी. खारीने झेप घेतली. तिच्या हाताला पिशवीचा पट्टा लागला. पट्टा ताणला. शिवण उसवली. "फोन टाका!" खार गरजली. "दुसरा हात द्या!" तो क्षणभर थांबला. खरोखर थांबला! विचार करत होता! "अहो, टाका!" भाची किंचाळली, आणि त्याने फोन टाकला. दुसरा हात आला. आम्ही तिघींनी त्याला ओढला. दगड खाली गेले. आवाज नाही. आवाज नाही. मग कुठेतरी तळाला धप्प.

उपाय मातीत पालथा पडून होता. खारीने वाकून त्याच्या बाजूच्या झुडपातून त्याचा फोन उचलला आणि त्याच्या हातात दिला. झुडपाने झेलला होता तो. अशा वस्तूंना मरण नसतं.

आम्ही एका अरुंद पाळीवर बसलो होतो. खाली कडा, वर घसारा. लटकत्या दरीत उतरताना कडा असा पायाखाली नव्हता. असता तर माझ्या लक्षात राहिला असता.

"आपण चुकलो आहोत," मी म्हटलं.

"किंवा दरडीने सगळं बदललंय," उपाय म्हणाला. कपडे मातीने माखले होते, पण अक्कल पूर्ववत होती. "नेट आलं की दोन मिनिटांत कळेल. घोडं कुठे पेंड खातंय तेवढं बघतो. कार्ड काढून घालतो."

कार्डाचा कप्पा उघडायला एक बारीक टाचणी लागते. ती घरी, टेबलाच्या खणात. मग माझ्या केसांतला आकडा मागितला, तो जाड. शेवटी खारीने एका झुडपाचा काटा मोडून दिला. कप्पा उघडला. नखाएवढं ते कार्ड बाहेर आलं, आणि त्याच्या ओल्या बोटांतून सटकलं!

"हलू नका कोणी!"

कड्याच्या काठावर चार मोठी माणसं शेवाळात नाक खुपसून नखाएवढी वस्तू शोधत होती. मी आयुष्यात शेवाळात पुष्कळ शोधलं आहे. त्यात नेचे मिळाले, आळंब्या मिळाल्या, एकदा मोठ्या बाईंचं घड्याळ मिळालं. हे लाचार काम मात्र मी कधी केलं नव्हतं. शेवटी भाची म्हणाली, "अहो, तुमचं कोपर." कार्ड त्याच्याच कोपराला चिकटलेलं होतं.

घातलं. काही नाही. मग त्याने नेटवर्कची सगळी मांडणी पुसून पहिल्यासारखी केली. त्यात एवढंच झालं की तो फोन आता घरचं वायफायसुद्धा ओळखेनासा झाला.

भाची उठून उभी राहिली. धुकं थोडं हलत होतं. "वारा निघाला," ती हलकेच म्हणाली. मग एकदम वळून नवऱ्याला म्हणाली, "मला दुसरं काही नको. फक्त तो फोटो एकदा दिसू दे. एकदाच! कडा कुठे आणि ओढा कुठे एवढं बघते, पुढचं मी बघून घेईन."

तिचं ते ऐकून उपायच्या तोंडावरचा तो कायमचा आत्मविश्वास पहिल्यांदा उतरला. तो वर बघायला लागला. पाळीच्या कडेला एक उंच, सरळ झाड होतं, त्याचा शेंडा धुक्याच्याही वर.

"उंचावर रेंज असते," तो म्हणाला. "फोन वर न्यायचा, त्याचं नेट खाली वाटायला लावायचं, आणि आपण इथून बाकीच्या फोनवर बघायचं."

"आणि माझ्या हातून पडला तर?" खार म्हणाली. "मला चढायला दोन्ही हात लागतात."

"कशात तरी घालून दोराने ओढून घ्या. मावशी, तुमचा डबा!"

मी डबा दिला. खोटं कशाला बोलू, अभिमानाने दिला. पत्र्याचा डबा शेवटी कामाला आला! ओलं कापड काढून सुकं घातलं, फोन आत ठेवला, झाकण दाबून बसवलं. खार सरसर वर गेली. दोर ओढला. डबा फांद्यांना ठणठण आपटत धुक्यात नाहीसा झाला.

आम्ही तिघं माना वर करून उभे. हातात तीन फोन. काही नाही.

"आणखी वर!" उपाय ओरडला.

"आणखी वर आता पाखरं जातात, साहेब!"

"मग काहीच कसं येत नाही?"

भाची एकाएकी कपाळावर हात मारून खाली बसली. "मावशी," ती म्हणाली, "तो पत्र्याच्या डब्यात आहे. बंद पत्र्यातून लहरी जातील कशा?"

हसावं की रडावं! आमच्या पथकाचा रेडिओ लोखंडी पेटीत मुका व्हायचा हे मला चांगलं आठवत होतं. झाकण लावताना आठवलं नाही, एवढंच. झाडपाल्याच्या माणसांना मौल्यवान काही दिसलं की ते पत्र्याच्या डब्यात घालायची खोड असते. ती आम्हा तिघींना जडलेली, आणि उपायला लग्नात मिळालेली.

"झाकण उघड गं!" मी ओरडले.

वरून डब्याचा आवाज आला. मग खारीचा.

"बाई! दांड्या भरल्या! सगळ्या!"

"नेट?" उपाय उड्या मारत होता, कड्याच्या काठावर!

"नेट नाही! दांड्या भरल्यात आणि नेट नाही! कंपनीच्या जागी कसलं तरी भलतंच नाव आलंय. आणि बाजूला एक आर आलाय, छोटासा."

"आर म्हणजे रेंज!" उपायने जाहीर केलं.

अकलेचे तारे असे तोडायचे तर निदान धुकं नसताना तोडावेत, दिसले तरी असते.

पण भाची ताठ उभी राहिली होती. "आर म्हणजे रोमिंग," ती म्हणाली. "परिषदेला परदेशी गेले होते तेव्हा असाच आला होता. खारूबाई! काही निरोप आलाय का बघा!"

थोडा वेळ गेला. मग धुक्यातून, देववाणी व्हावी तसा, खारीचा अडखळता आवाज आला. "आमच्या देशात... आपलं... स्वागत आहे."

कड्याखालचं पाणी तेवढं वाजत होतं.

उपायला तरीही राहवेना. खारीला सांगून त्याने रोमिंग सुरू करायला लावलं. लगेच दुसरा निरोप: ही सेवा आपल्या योजनेत नाही, सुरू करण्यासाठी आपल्या देशातल्या नेटवर्कवरून विनंती करा. म्हणजे परदेशात लागणारी सेवा मागायला घरी जायचं! फोन लावून बघितला तर एक बाई गोड आवाजात तेच सांगे. ज्यांनी कोणी ही व्यवस्था केली, ते बहुतेक विम्याच्या कचेरीतून तिथे गेले असावेत.

"फोन ठेवा आता," भाची म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत कालपासून नव्हती ती चमक होती. "नेट नसलं म्हणून काय झालं? त्याने सांगितलं ना आपण कुठे आहोत ते! पलीकडच्या देशाचा मोबाइलचा मनोरा समोर आहे, म्हणजे आपण कण्याच्या उलट्या बाजूला उतरलोय. मावशी, दोन फाट्यांपैकी हा चुकीचा. मग बरोबर तो कुठला?"

"मागे जाऊन उजवा," मी म्हटलं. यात मला विचार करावा लागला नाही. "तिथून उतरताना पाणी आपल्या पुढे वाहायला हवं, आणि कडा डाव्या हाताला."

"चला," भाची म्हणाली. मोठ्या बाईंसारखं, एकच शब्द.

घसारा चढणं उतरण्याहून वाईट. दोन पावलं वर, एक खाली. खार पुढे जाऊन दोर बांधी, आम्ही दोराला लोंबकळत वर. माझ्या छातीचा भाता झाला होता. उपायने माझी पिशवी न मागता घेतली. मी दिली, आभार मानण्याइतका श्वास नव्हता, आणि असता तरी बघितलं असतं.

कण्यावर आलो तेव्हा वारा पाठीवर आदळला. पलीकडच्या देशातून येत होता आणि धुकं फाडून आपल्या बाजूला फेकत होता. फाटा सापडला. उतरलो. पाणी पुढे, कडा डावीकडे. आणि धुक्याचा पडदा बाजूला झाला!

तांबडं! अख्खं झाड तांबडं!

मी थांबले. म्हातारीला एवढी सवलत असावी. बुंधा दुप्पट झाला होता, मी जिथे पोळी खाल्ली ती सावली आता मोठ्या ओसरीएवढी झाली होती. पण बघत बसायला वेळ नव्हता. शेंगा तडकत होत्या! तड, तड, तड! प्रत्येक झोताबरोबर चकत्यांचा थवा सुटत होता आणि गिरक्या घेत दरीवरून दूर जात होता.

"नाही!" भाची धावत सुटली. हवेत उड्या मारून मुठीत धरायला लागली. दोन धरल्या की शंभर गेल्या. खार वर चढली, पण हात लावला की शेंग उकलून रिकामी होई. "मॅडम, पिशवी लावायच्या आधीच फुटतायत!"

"उपाय आहे!" मागून आवाज आला.

मी चिडून वळले. तो पाठीवरचा तंबू उलगडत होता. "वारा एकाच बाजूने येतोय. झाडाच्या पलीकडे, वाऱ्याच्या वाटेत हे आडवं बांधू. भिंतीसारखं. मावशी, ते टोक धरा!"

मी टोक धरलं. दोन झाडांना तंबूची बाजू ताणून बांधली. वाऱ्याने कापड फुगलं, दोर किंचाळले. एक गाठ सुटली! उपायने कापड अंगावर घेतलं आणि वाऱ्याला छाती देऊन उभा राहिला. खार वरून फांद्या हलवत होती. चकत्या येऊन कापडावर टपटप आपटत होत्या, चिकटत होत्या, घसरून पायथ्याला ढीग होत होता. मी खालची कड आत दुमडून धरली. हात बधिर झाले. सोडली नाही.

वारा पडला तेव्हा झाडावर जेमतेम चार शेंगा उरल्या होत्या. त्या आम्ही ठेवल्या.

उपाय बसला. सुटलेल्या दोराच्या फटक्याने कपाळ फुटलं होतं. मोठेपणा सांगण्याइतकंही त्राण नव्हतं, त्यामुळे माणूस बरा दिसत होता.

भाची मात्र हसत नव्हती. तिने खिशातून लहानशी धारदार सुरी काढली. मला ठाऊक होतं का ते. एकट्या झाडाचं बी पुष्कळदा पोकळ असतं. दुसऱ्या झाडाचे पराग मिळाले नाहीत तर शेंग धरते, पंख येतात, सगळा थाट होतो आणि आत काही नसतं. कापूनच बघावं लागतं.

तिने कापडाला वर चिकटलेली एक चकती घेतली आणि कापली. आत हवा. दुसरी कापली. हवा. तिसरी. तिचा हात तिथेच राहिला.

"सगळीच?" उपायने विचारलं.

मी कापडाकडे बघितलं. वर चिकटलेल्या चकत्या हलक्या, पारदर्शक. पायथ्याशी पडलेल्या काळसर. आणि एकदम माझ्या लक्षात आलं की आम्ही न ठरवता धान्य उफणलं होतं. हलकं वाऱ्याने वर आणि दूर जातं. जड पायाशी पडतं.

"वरचं कशाला कापतेस?" मी म्हटलं. "तळातलं घे. अगदी दुमडीतलं."

तिने दुमडीत हात घातला. एक घेतली. तळहातावर तोलली. सुरी टेकवली आणि डोळे मिटले, मग उघडले, आणि कापली.

आत पांढरं होतं. घट्ट, ओलं, दुधासारखं पांढरं.

"जिवंत आहे," ती म्हणाली. मग माझा दंड धरून मोठ्याने म्हणाली, "मावशी, जिवंत आहे! म्हणजे हे एकटं नाहीये! जवळ कुठेतरी दुसरं आहे, तिकडून पराग आलेत!"

खार झाडावरूनच हसली. उपायच्या डोळ्यांत पाणी होतं. कपाळातलं रक्त पुसतोय असं दाखवत त्याने तेही पुसून घेतलं. मग वाकून दुमडीतली एक काळी चकती उचलून तिच्यापुढे धरली.

"खात्रीसाठी आणखी एक कापून बघू या?"

भाचीने त्याच्या हातातून ती चकती काढून घेतली. सुरी मिटली.

"नाही," ती म्हणाली. "आता एकही नाही."